रूप तेच, अर्थ निराळा

मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा देवनागरी लिपीत लिहिल्या जातात आणि दोहोंनीही संस्कृत व फारसीतून विपुल शब्द घेतले आहेत. त्यामुळे हिंदी जाणणाऱ्यास मराठी लवकर अवगत होते, हा समज बऱ्याच अंशी खरा आहे. मात्र याच जवळिकीतून एक अडचणही उद्भवते. अनोळखी शब्द दिसला की शिकणारा थांबतो, कोश उघडतो; ओळखीच्या शब्दाचा अर्थ तो कोणाला विचारीतच नाही. अशा फसव्या शब्दांना १९२८ मध्ये दोन फ्रेंच कोशकारांनी ‘खोटे मित्र’ असे नाव दिले. महाराष्ट्रातील शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला. घरी हिंदी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना हे मित्र आता पदोपदी भेटतात.

शिक्षा : मूळ संस्कृत धातूचा अर्थ ‘शिकणे’. हिंदीने तो जपला. मराठीत मात्र ‘शिक्षा’ म्हणजे दंड आणि शिकण्यासाठी ‘शिक्षण’. ‘मुलांना चांगली शिक्षा द्या’ हा हिंदी भाषकाचा सदिच्छापूर्ण सल्ला मराठी पालकास दचकवणारा ठरतो.

चेष्टा : हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘आपण माझ्यासाठी खूप चेष्टा केलीत’ असे कृतज्ञतेने म्हटले, तरी ऐकणारा दुखावला जाईल.

समाधान : मराठीत तृप्ती, हिंदीत समस्येची उकल. मराठीतही ‘शंकासमाधान’ या जोडशब्दात जुना अर्थ टिकून आहे.

खाली : हिंदीत रिकामे, मराठीत वरच्या उलट. ‘डबा खाली आहे’ या वाक्यातून दोघांस दोन निराळ्या गोष्टी कळतात.

संभाषणातील गफलत हसण्यावारी नेता येते. कागदोपत्री ती महागात पडते. ‘संशोधन’ म्हणजे मराठीत नवे ज्ञान शोधणे, तर हिंदीत सुधारणा वा दुरुस्ती. १९७६ ची बेचाळिसावी घटनादुरुस्ती हिंदीत ‘संविधान संशोधन’ ठरते. हा शब्द जसाच्या तसा मराठीत उतरवला, तर वाचकास तो राज्यघटनेचा अभ्यास वाटेल. ‘आपत्ती’ हे मराठीत संकट. हिंदीत तो शब्द बहुधा आक्षेप या अर्थी येतो. हरकती मागविणाऱ्या हिंदी सूचनेचा भाषांतरकार येथे चुकला, तर नागरिकाची हरकत नोंदविण्याची मुदत टळू शकते. ‘राजीनामा’ हा फारसी शब्द मुळात संमतिपत्राचा. हिंदी प्रदेशातील न्यायालयांत तो आजही वादी-प्रतिवादींमधील तडजोड दर्शवितो, मराठीत मात्र पदत्याग.

यांत कोणतीही भाषा चुकलेली नाही. एकाच उगमातून निघालेल्या शब्दांनी आपापल्या वाटा धरल्या, एवढेच. म्हणूनच सुटा शब्द पाठ करण्यापेक्षा तो ज्या क्रियापदासह येतो त्याच्यासह शिकावा. मराठीत शिक्षा भोगतात, शिक्षण घेतात. चेष्टा करतात, प्रयत्नांची शर्थ करतात. समाधान मानतात, प्रश्न सोडवितात. हिंदी शिकणाऱ्या मराठी भाषकासही हाच नियम लागू पडतो. अडखळविणाऱ्या शब्दाइतकाच सहज कळल्यासारखा वाटणारा शब्दही कोशात एकदा पडताळून पाहणे हितावह असते.