भंगाराची जात : ई-कचऱ्याचा कायदा नेमका कोणासाठी झाला?

एप्रिल २०१०. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एकामागून एक माणसे आजारी पडू लागली. कातडी भाजल्यासारखी काळी पडली, केस गळू लागले. तपासात कारण सापडले कोबाल्ट-६०. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात वर्षानुवर्षे वापराविना पडून असलेले किरणोत्सारी यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले होते. बाजारात ते फोडले गेले. एका कामगाराचा जीव गेला, अनेक जण होरपळले. किरणोत्सर्ग म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्या दारातून ते यंत्र निघाले. ज्यांच्यापर्यंत ते ज्ञान कधी पोहोचूच दिले नाही, त्यांच्या हातात ते फुटले.

याला अपघात म्हणून सोडून देता येणार नाही. घाण कोणी करायची आणि ती कोणी उचलायची, याची वाटणी या देशात जन्मावरून झालेली आहे. जात केवळ कामे वाटून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बजावले होते. मेलेले ढोर गावाबाहेर ओढणारे हात आणि आज मेलेला संगणक फोडणारे हात यांच्यातले नाते समजून घ्यायचे असेल, तर ई-कचऱ्याच्या कायद्यांचा इतिहास आपण आपल्या नजरेने वाचला पाहिजे.

जगाचे गावकूस

१९८६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या कचऱ्याची राख घेऊन 'खियान सी' नावाचे जहाज निघाले. त्यातली हजारो टन राख अखेर हैतीच्या किनाऱ्यावर खत म्हणून उतरवली गेली. १९८८ मध्ये नायजेरियातील कोको या छोट्या बंदरात इटलीहून आलेली विषारी पिंपे सापडली. या प्रकरणांनी जग हादरले आणि २२ मार्च १९८९ रोजी बासेल करार झाला. भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला.

पण श्रीमंतांचे डोके कसे चालते ते पाहा. डिसेंबर १९९१ मध्ये जागतिक बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स यांच्या सहीचे एक अंतर्गत टिपण निघाले. जिथे मजुरी सर्वात कमी, तिथे विषारी कचरा टाकणे आर्थिकदृष्ट्या योग्यच, असा त्याचा आशय होता. पुढे ते उपरोधाने लिहिल्याचा खुलासा झाला. खुलासा ठेवा बाजूला, व्यवहार तसाच चालू राहिला. श्रीमंत देशांतून गरीब देशांत घातक कचरा नेण्यावर बंदी घालणारी बासेलची दुरुस्ती १९९५ मध्ये मंजूर झाली आणि अमलात यायला ५ डिसेंबर २०१९ उजाडला. चोवीस वर्षे! गावकुसाबाहेरच्यांचा न्याय असाच रखडतो, गाव महाराष्ट्रातले असो की जगाचे.

कायदे आले, कामगार बाहेरच

दरम्यान भारतात संगणक आला, मोबाइल आला आणि त्यांचे भंगारही आले. दिल्लीचे सीलमपूर, उत्तर प्रदेशातील मुरादाबाद, मुंबईतील धारावी आणि कुर्ला इथे हे भंगार फुटू लागले. कोळशाच्या शेगडीवर सर्किट बोर्ड तापवून शिसे-कथिलाचा डाख वितळवायचा आणि सुटे भाग उपटायचे. तांब्यासाठी वायरी जाळायच्या. सोन्याच्या कणांसाठी बोर्ड तेजाबात बुडवायचे. हातमोजे नाहीत, मुखपट्टी नाही. या कामात कोण आहे? प्रामुख्याने गरीब मुसलमान, दलित आणि पोट भरायला शहरात आलेली माणसे. एकविसाव्या शतकाचे यंत्र, पण फोडणाऱ्याची सामाजिक जागा तीच.

२००९ मध्ये ई-कचऱ्यासाठी स्वतंत्र नियमांचा मसुदा सरकारला दिला गेला. तो उद्योगांची संघटना, जर्मन मदतसंस्था आणि दोन पर्यावरण संस्था यांनी मिळून केला होता. त्या चौघांत कामगारांची एकही संघटना नव्हती. २०११ मध्ये नियम निघाले, १ मे २०१२ पासून लागू झाले. तारीख कामगार दिनाची! वस्तू विकणाऱ्या कंपनीनेच तिच्या कचऱ्याची जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व त्यांनी आणले. तत्त्व चांगलेच आहे, आपण त्याचे स्वागत केले पाहिजे. पण कचरा प्रत्यक्ष ज्याच्या हातातून जातो, त्याचे काय?

२०१६ च्या नियमांत प्रथमच राज्याच्या कामगार विभागावर या कामगारांची नोंदणी, गट बांधणी, प्रशिक्षण आणि आरोग्य-सुरक्षेची जबाबदारी टाकली गेली. २०२२ च्या नियमांनी, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, ही तरतूद कायम ठेवली. पण त्याच नियमांत पोर्टलवर नोंदणी कोणाची? कारखानदार, विक्रीसाठी वस्तू बाजारात आणणारी कंपनी, दुरुस्त करून पुन्हा विकणारा आणि पुनर्चक्रीकरण करणारा, या चौघांचीच. प्रमाणपत्रे तयार होतात, कंपन्या ती विकत घेतात, कागदावर उद्दिष्ट पूर्ण होते. दारोदार फिरून भंगार गोळा करणारी बाई त्या पोर्टलवर कुठेच नाही.

मग आपली मागणी काय?

इथे आपल्यातलेच काही मित्र विचारतील : बाबासाहेबांनी तर घाणीची कामे सोडायला सांगितले, तुम्ही भंगारातल्यांची नोंदणी कसली मागता? प्रश्न रास्त आहे. १९२७ च्या महाड परिषदेनंतर महारांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, बहिष्कार सोसले, पण मागे फिरले नाहीत. तेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि कामाचे तास, कामगारांचे कल्याण यांसाठी कायदे करत होते. यात विसंगती नाही. जन्माने लादलेले काम नाकारायचे, आणि जो आज ते काम करतो आहे त्याला कायद्याचे संरक्षण द्यायचे. दोन्ही लढे एकाच वेळी लढायचे असतात.

हे शक्य आहे याचा पुरावा पुण्यात आहे. १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. तिच्यात बहुसंख्य दलित स्त्रिया. त्यांनी महापालिकेकडून ओळखपत्रे मिळवली, आणि २००८ मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम घेतले. हे कोणी दान दिले नाही, संघटनेने मिळवले.

म्हणून कार्यकर्त्यांनो, आपल्या जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात माहितीचा अधिकार वापरून एवढेच विचारा : ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे किती कामगारांची नोंदणी केली? किती जणांची आरोग्य तपासणी केली? उत्तर शून्य आले, तर तो शून्य घेऊन रस्त्यावर उतरा. वस्तीतल्या भंगार दुकानात जा, तिथल्या पोरांशी बोला, त्यांची शाळा सुटू देऊ नका. आज आईबापांच्या हाताला मोजे मिळाले पाहिजेत, आणि उद्या त्यांच्या पोरांच्या हातात तेजाबाऐवजी पुस्तक असले पाहिजे.

जय भीम!