‘बेवड’ : एका शब्दाचा कृषी-इतिहास

हिंगोली जिल्ह्यातील कुरुंदा हे गाव काळ्या जमिनीच्या टापूत वसले आहे. 1948 पर्यंत हा मुलूख निजामी अमलाखाली होता व दप्तराची भाषा उर्दू होती. शेताची भाषा मात्र मराठीच राहिली. तिच्यातील ‘बेवड’ हा शब्द विचारार्ह आहे. आधीच्या पिकाचा जमिनीत मागे राहणारा परिणाम, असा त्याचा अर्थ. हरभऱ्याचा बेवड ज्वारीला मानवतो, या म्हणण्यात केवळ कार्य सांगितले आहे.

त्याचे कारण 1888 च्या सुमारास युरोपात उकलले. द्विदल पिकांना मुळांवरील गाठींद्वारे हवेतील नत्र मिळते, हे हेलरीगेल व विल्फार्थ यांनी दाखविले. बायेरिंक यांनी त्या गाठींतील जिवाणू वेगळे केले. कर्बाचा उलगडा पुढे झाला. निरनिराळ्या पिकांची मुळे निरनिराळी द्रव्ये स्रवतात. त्यांवर सूक्ष्मजीव पोसले जातात व त्यांचे मृतावशेष चिकणमातीच्या कणांना बिलगून कर्ब टिकवितात. 2014 साली झालेल्या 122 अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात, एकाच पिकाऐवजी फेरपालट केलेल्या जमिनीत एकूण कर्ब सरासरी 3.6 टक्के, तर सूक्ष्मजीवांतील कर्ब 20.7 टक्के अधिक आढळला.

कुरुंद्याच्या परिसरात ज्वारी, मूग, कापूस यांची जागा आता पुष्कळशी सोयाबीन, ऊस व हळद यांनी घेतली आहे. सोयाबीनही द्विदलच, परंतु दरसाल तेच पीक घेतल्यास पालट होत नाही. ‘बेवड’ या शब्दात पिकांचा क्रम गृहीत आहे. तो क्रम मोडल्यास शब्द कोशात उरेल, त्यामागील व्यवहार उरणार नाही, आणि त्याची हानी प्रथम जमिनीस पोहोचेल.