घरून काम : साधने कोणी द्यायची?

घरी बसून मालकाचे काम करणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. सोलापुरातील विडी कामगार स्त्रिया तेंदूपत्ता आणि तंबाखू कारखान्यातून घरी आणून पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळत आल्या आहेत. मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून कच्चा माल घेऊन घरी विडी करणारी व्यक्तीदेखील कर्मचारीच होय, हे १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने स्पष्टपणे मान्य केले होते. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि हाच प्रकार वेगळ्या रूपाने मध्यमवर्गाच्या घरात शिरला. कार्यालयातील टेबल, खुर्ची, वीज, पंखा, इंटरनेट हे सारे तोवर कंपनीचे होते. एका रात्रीत ते कर्मचाऱ्याचे झाले, मात्र त्याचा हिशेब फारच थोड्या ठिकाणी मांडला गेला. साथ ओसरली, तरी आठवड्यातील काही दिवस घरून काम करण्याची पद्धत अनेक कंपन्यांत टिकली आहे. त्यामुळे साधनांचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न आजही कायम आहे.

कायदा काय म्हणतो?

घरून काम करणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला संगणक, खुर्ची वा इंटरनेटचा खर्च दिलाच पाहिजे, असे बंधन सर्व मालकांवर घालणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. उलट, २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यात 'गृहाधारित कामगार' या संज्ञेची जी व्याख्या होती आणि जी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे, ती याबाबतीत बोलकी आहे. मालक साधने, कच्चा माल वा अन्य सामग्री पुरवो अथवा न पुरवो, त्याच्यासाठी घरी मोबदल्यावर उत्पादन करणारी वा सेवा देणारी व्यक्ती गृहाधारित कामगार ठरते. म्हणजे साधने न देणाऱ्या मालकाला जबाबदारीतून निसटता येऊ नये, एवढी काळजी कायद्याने घेतली. साधने द्यावीत, असे मात्र म्हटले नाही.

केंद्रीय श्रम मंत्रालयाने ३१ डिसेंबर २०२० रोजी सेवाक्षेत्रासाठी आदर्श स्थायी आदेशांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात नेमणुकीच्या अटींना किंवा परस्पर कराराला अधीन राहून घरून काम करू देण्याची मुभा होती. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती लाभ कायद्यातही रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याची तरतूद आली. दोन्ही ठिकाणी भर आहे तो करारावर. साहजिकच नेमणूकपत्र आणि कंपनीचे लेखी धोरण हेच कर्मचाऱ्याचे पहिले आधार ठरतात. ते वाचल्याशिवाय मागणीला हात घालू नये.

जेथे नियमाचा आधार आहे

दोन बाबतींत मात्र कर्मचाऱ्याची बाजू अधिक भक्कम असते.

पहिली बाब विशेष आर्थिक क्षेत्रांची, म्हणजे 'सेझ'ची. हिंजवडी, ऐरोली, नागपूरचे मिहान अशा ठिकाणच्या अनेक माहिती तंत्रज्ञान कंपन्या या क्षेत्रात मोडतात. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने सेझच्या नियमावलीत घरून काम करण्याविषयी '४३ अ' हा नवा नियम घातला. त्यात घरून कामासाठी लागणारी साधने आणि सुरक्षित जोडणी सेझमधील घटकाने पुरवावी, असे म्हटले होते. या नियमात पुढे बदल झाले. म्हणून आपल्या कंपनीच्या घटकाला सध्या कोणती अट लागू आहे, हे मनुष्यबळ विभागाकडे विचारावे.

दुसरी बाब अपंग कर्मचाऱ्यांची. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे असते. २०१७ च्या नियमांनुसार वीस वा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात साहाय्यक उपकरणांची तरतूद आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक यांचा समावेश असावा लागतो. पडदावाचक आज्ञावली किंवा विशेष कळफलक हवा असेल, तर या धोरणाचा उल्लेख करूनच मागणी करावी. सवलतीची विनंती करण्याची वेळ येथे नाही, कायद्याने घालून दिलेल्या कर्तव्याची आठवण पुरते.

अन्य देशांत काय घडले?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये गृहकामाविषयी १७७ व्या क्रमांकाचा करार आणि त्यासोबत १८४ वी शिफारस संमत केली. वीज, पाणी, संपर्कसाधने, यंत्रांची देखभाल यांवर होणाऱ्या खर्चाची भरपाई गृहकामगाराला मिळावी, असे ही शिफारस सांगते. स्पेनने २०२१ च्या कायद्याने नियमित दूरस्थ काम करणाऱ्यांना साधने आणि खर्चभरपाई यांचा हक्क दिला. त्याच वर्षी मेक्सिकोनेही तशी तरतूद केली. पोर्तुगालचा कायदा १ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या श्रमसंहितेचे कलम २८०२ कामासाठी आवश्यक ठरलेला खर्च मालकाने भरून द्यावा, असे सांगते. तेथे नोकरी करणाऱ्या अनेक मराठी मंडळींनी हे कलम ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

कंपनीला पटेल असा हिशेब

हक्क नसेल तेथे युक्तिवाद लागतो, आणि सर्वांत प्रभावी युक्तिवाद कराचा असतो. साठ हजार रुपये किमतीच्या लॅपटॉपवर १८ टक्के दराने १०,८०० रुपये वस्तू व सेवा कर लागतो. करपात्र व्यवसाय करणाऱ्या नोंदणीकृत कंपनीला या रकमेचे सामान्यतः जमाश्रेय मिळते, शिवाय किमतीवर घसाराही मिळतो. तोच लॅपटॉप पगारदाराने विकत घेतला, तर त्याला यांपैकी काहीच मिळत नाही. प्रमाणित वजावट मिळते ती सर्वांना सारखीच. त्याने खुर्ची घेतली म्हणून ती वाढत नाही. थोडक्यात, तीच वस्तू कंपनीने घेतली तर स्वस्त पडते.

कर्मचाऱ्याच्या बाजूनेही हेच लाभाचे आहे. १९६२ च्या प्राप्तिकर नियमावलीत कंपनीने वापरायला दिलेली जंगम वस्तू हा वेतनेतर लाभ मानून तिच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी उत्पन्नात धरली जात असे. संगणक आणि लॅपटॉप यांना मात्र त्यातून वगळले होते. २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने त्याखालील नियम एकदा पाहून घ्यावेत. दरमहा ठरावीक भत्ता मिळाला, तर तो सामान्यतः वेतनात मिळवला जाऊन त्यावर कर बसतो. म्हणून भत्त्यापेक्षा कंपनीच्या मालकीची वस्तू मागणे बहुधा श्रेयस्कर ठरते. इंटरनेटसारख्या चालू खर्चासाठी देयकानुसार भरपाई मागावी.

दुसरा युक्तिवाद गोपनीयतेचा. ग्राहकांची माहिती घरातील सामाईक संगणकावर उघडली जाणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नाही. तिसरा प्रकृतीचा. लॅपटॉपचा पडदा आणि कळा एकमेकांना जोडलेल्या असतात. पडदा डोळ्यांच्या पातळीवर आणावा तर हात उचलावे लागतात, आणि कळा कोपराच्या पातळीवर ठेवाव्यात तर मान खाली झुकते. दिवसाचे आठ तास असे गेले की मान, खांदे आणि मनगटे कुरकुरू लागतात. उपाय साधा आहे : लॅपटॉप उंच ठेवण्याची घडवंची, स्वतंत्र कळफलक, माऊस, आणि पाठीला आधार देणारी खुर्ची. या चार वस्तूंचा खर्च लॅपटॉपच्या मानाने किरकोळच असतो.

काय मागावे?

मागणी करताना यादीचे तीन भाग पाडावेत. ज्यांच्याशिवाय काम होणारच नाही अशा वस्तू पहिल्या भागात : संगणक, सुरक्षित जोडणी, आवश्यक आज्ञावली, कानाला लावायचा ध्वनिसंच. ज्यांच्याशिवाय प्रकृती बिघडेल त्या दुसऱ्या भागात : खुर्ची, कळफलक, स्वतंत्र पडदा. ज्यांच्याशिवाय कामात खंड पडेल त्या तिसऱ्या भागात : वीज गेल्यावर उपयोगी पडणारी बॅटरी अथवा इन्व्हर्टर, पर्यायी इंटरनेट. वारंवार वीज जाणाऱ्या गावातून काम करणाऱ्याने गेल्या महिन्यात किती वेळा आणि किती तास वीज गेली, याची टिपणवही ठेवावी. 'वीज फार जाते' या तक्रारीपेक्षा तारीखवार नोंदीला वजन असते.

सर्व काही एकदम मिळेल, अशी अपेक्षा बाळगू नये. पहिला भाग आग्रहाने आणि दुसरा कारणांसह मागावा. तिसऱ्याबाबत तडजोडीची तयारी ठेवावी. कार्यालयात आपली खुर्ची वा पडदा रिकामा पडून असेल, तर तोच घरी नेण्याची परवानगी मागणे हा अनेकदा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. आधी वरिष्ठांशी तोंडी बोलावे आणि मग लेखी अर्ज द्यावा. अर्ज इंग्रजीत करावा लागला, तरी मांडणी साधारण अशी असावी :

'मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग यांस,
विषय : घरून काम करण्यासाठी साधने मिळण्याबाबत.
महोदय, आपल्या विभागाच्या आदेशानुसार मी आठवड्यातून तीन दिवस घरून काम करतो. सध्या कंपनीकडून मला केवळ लॅपटॉप मिळाला आहे. सलग कामासाठी स्वतंत्र कळफलक, माऊस, लॅपटॉपची घडवंची व कार्यालयीन खुर्ची यांची आवश्यकता आहे. या वस्तू कंपनीच्या मालकीच्या राहतील व मागणी होताच मी त्या परत करीन. खरेदी शक्य नसल्यास कार्यालयातील माझी खुर्ची घरी नेण्याची परवानगी मिळावी. तसेच इंटरनेटच्या देयकाची भरपाई कोणत्या मर्यादेपर्यंत मिळू शकेल, हे कृपया कळवावे. आपला विश्वासू.'

अर्जात कारण, वस्तू, मालकी आणि पर्याय या चार गोष्टी आल्या की पुरे. नकार आला, तर तोही लेखी मागावा. आठ-दहा सहकाऱ्यांनी मिळून अर्ज दिल्यास तो एकट्याची कुरकूर न राहता धोरणाचा विषय बनतो.

वस्तू हाती आल्यावर

साधने मिळाली म्हणजे जबाबदारीही आली. वस्तू ताब्यात घेताना तिचा अनुक्रमांक, स्थिती आणि दिनांक नोंदलेली पावती घ्यावी. आधीपासूनच ओरखडा असेल, तर त्याचे छायाचित्र त्याच दिवशी ई-मेलने पाठवावे. दुरुस्ती कोण करणार, चोरी झाल्यास विमा कोणाचा, वस्तू परत नेण्याचा खर्च कोणाचा, हे आधीच विचारून घ्यावे.

नोकरी सोडताना खरे वाद उद्भवतात. लॅपटॉप बिघडला म्हणून अखेरच्या हिशेबातून मोठी रक्कम कापली गेल्याच्या तक्रारी नेहमी ऐकू येतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेत याबाबत स्पष्ट मर्यादा आहेत. कर्मचाऱ्याकडे सोपवलेल्या वस्तूचे नुकसान थेट त्याच्या निष्काळजीपणामुळे वा कसुरीमुळे झाले असेल, तरच कपात करता येते. ती नुकसानीच्या रकमेहून अधिक असू शकत नाही आणि त्यापूर्वी कर्मचाऱ्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. वेतनकाळातील एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून जास्त असता कामा नये. राजीनामा दिल्यावर वा नोकरीतून काढल्यावर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे, असेही ही संहिता सांगते. वस्तू परत करताना पोचपावती घेतलेली असेल, तर या तरतुदींचा आधार घेणे सोपे जाते.

विडी कामगारांना कर्मचारी म्हणून मान्यता मिळवण्यासाठी संघटित व्हावे लागले होते. संगणकावर काम करणाऱ्यांची ओळख वादात नाही, वाद आहे तो खर्चाचा. घराच्या भिंतीआड कोणता खर्च होतो, हे कंपनीला दिसत नाही. तो आकड्यांत मांडून कागदावर तिच्यापुढे ठेवणे, ही मागणीची पहिली पायरी होय.