अंड्यांची टोपली

किहीमच्या वाडीतून नारळांची बैलगाडी निघाली, की लहानपणी आम्ही मागे लोंबकळत असू. गाडीला कमान नव्हती. चाकाखालचा प्रत्येक दगड थेट मणक्यात जाई.

हे आठवायचे कारण माझा एक जुना विद्यार्थी. ऑटोक्रॉससाठी, म्हणजे ओबडधोबड मैदानात घड्याळाशी लावायच्या शर्यतीसाठी, त्याने मोटार सजवली आणि कमानी अगदी कडक करून घेतल्या. सरावात गाडी उडाली आणि उलटता उलटता वाचली. मी पडलो भाषेचा मास्तर. पण भीतीने पुस्तके चाळू लागलो.

पूर्वी विलायतेत बग्गी चामडी पट्ट्यांवर टांगीत. १८०४ साली लंडनच्या ओबादाया एलियटने लंबवर्तुळाकार पोलादी कमानींचे पेटंट घेतले, आणि बग्गीखालचा जड दांडाही गेला. पण दबलेली कमान उसळतेच! ती उसळी जिरवायला पुढे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आले.

१९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात सित्रोएनची 'टू सीव्ही' मोटार आली. नांगरलेल्या शेतातून टोपली नेली तरी अंडे फुटू नये, अशी म्हणे तिच्या कर्त्यांना अट होती. म्हणून कमानी मऊ, चाकाला खालीवर व्हायला भरपूर वाव, पुढचे-मागचे चाक एकमेकांशी जोडलेले. चाक जमीन सोडीत नाही. ते हवेत असेल, तर ब्रेक काय आणि स्टिअरिंग काय, दोन्ही पोकळ!

पोराने ऐकले. कमानी मऊ केल्या, शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलले. परवा म्हणाला, "बसा सर."

मी म्हटले, "थांब बाबा, आधी घरातून अंडी आणतो."