मिठाच्या वाटेवरचे जंक्शन : फुलेरा

राजस्थानातील गावांचा इतिहास सांगण्याची एक रूढ पद्धत आहे. गावाला गड असतो, गडाला वंश असतो आणि वंशाला चारण असतो. फुलेऱ्याच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही. जयपूरच्या पश्चिमेस सुमारे पंचावन्न किलोमीटरवर असलेल्या ह्या गावाची जन्मकथा ना ख्यातींत सापडते, ना दोह्यांत. ती सापडते ती रेल्वेच्या वार्षिक अहवालांत, मिठाच्या महसुलाच्या तक्त्यांत आणि गाड्यांच्या वेळापत्रकांत. साहित्याच्या अभ्यासकाला ही साधने रूक्ष वाटतील. पण ज्या गावाला भाट नाही, त्याला अखेर कारकुनाच्याच लेखणीवर विसंबावे लागते.

फुलेऱ्यापासून आठ-नऊ किलोमीटरवर सांभर आहे आणि सांभरला इतिहास उदंड आहे. चौहानांची ती जुनी राजधानी. शाकंभरी देवीचे ते स्थान. 1562 मध्ये आमेरच्या भारमलाच्या कन्येशी अकबराचा विवाह झाला तो सांभरलाच. अठराव्या शतकाच्या आरंभापासून हे ठिकाण जयपूर आणि जोधपूर ह्या दोन्ही दरबारांच्या शामलातीत होते. दोन राज्यांनी एक गाव वाटून घ्यावे, ह्याचे कारण गाव नव्हे, सरोवर होते. भरल्या पावसाळ्यात दोनशे चौरस किलोमीटरहून अधिक पसरणारे आणि उन्हाळ्यात पांढरे पडणारे हे खारे पाणी म्हणजे उत्तर हिंदुस्थानची मिठाची कोठी. ते मीठ बैलांच्या पाठीवर लादून बंजाऱ्यांचे तांडे दूरवर नेत. महाराष्ट्रातही लमाणांचे तांडे कोकणचे मीठ घाटावर आणीत; त्यामुळे ही वाहतूक मराठी वाचकाला अपरिचित नाही.

1869-70 मध्ये इंग्रज सरकारने जयपूर व जोधपूर दरबारांशी करार करून हे सरोवर भाडेपट्ट्याने घेतले. त्यामागचा हिशेब उघड होता. मिठावरचा कर वसूल करण्यासाठी सरकारने सिंधूपासून महानदीपर्यंत अंतर्गत जकातीची एक रेषा उभारली होती आणि तिच्या बऱ्याच भागावर काटेरी झुडपांचे अक्षरशः कुंपण घातले होते. मीठ जेथे पिकते तेथेच ते ताब्यात आले, तर कुंपणाची गरज उरत नाही. 1879 च्या करारांनी राजपुतान्यातील संस्थानांची इतर मिठागरे भरपाई देऊन बंद करण्यात आली आणि त्याच वर्षी ती जकातरेषाही मोडली. ह्या दोन घटनांच्या मधली कडी म्हणजे रेल्वे. मीठ एका जागी गोळा करायचे, तर ते तेथून वेगाने हलवता आले पाहिजे.

राजपुताना स्टेट रेल्वेची आग्रा–बांदीकुई गाडी 1874 मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी रूळ जयपूरला पोचले आणि 1875 मध्ये फुलेऱ्यावरून अजमेरला. सांभर सरोवराकडे जाणारी शाखा त्याच सुमारास फुलेऱ्याहून फुटली. मुख्य मार्ग नैर्ऋत्येस अजमेरकडे वळतो आणि मिठाची वाट पश्चिमेस जाते. ह्या दुफाट्यावर जंक्शन झाले आणि जंक्शनाभोवती गाव वाढले. रूळ मीटरगेजचे होते. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या काळात हे माप ठरले, ते काटकसरीसाठी आणि हिंदुस्थानात लवकरच मेट्रिक पद्धती येणार ह्या अपेक्षेने. मेट्रिक मापे प्रत्यक्षात स्वातंत्र्यानंतर आली. तोवर मीटर हे माप सामान्य माणसाच्या गजात नव्हते, फक्त त्याच्या आगगाडीखाली होते!

ह्या लोहमार्गात मराठी पैशाचाही वाटा आहे, हे क्वचितच लक्षात घेतले जाते. खांडवा–इंदूर मार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. नीमचकडील मार्गासाठी जयाजीराव शिंद्यांनी पंचाहत्तर लाख. अजमेर 1818 पर्यंत शिंद्यांच्या ताब्यात होते. साठ वर्षांच्या आत शिंद्यांचा पैसा कर्ज म्हणून त्याच दिशेला निघाला, हा इतिहासाचा एक चमत्कारिक वळसा म्हणावा लागेल. पुढे हे मार्ग एकत्र येऊन राजपुताना-माळवा रेल्वे झाली आणि फुलेरा तिच्या जाळ्यातील एक मोक्याची गाठ ठरले. 1905 मध्ये रेवाडी–फुलेरा हा थेट मार्ग झाल्यावर दिल्लीची वाहतूक जयपूरला न जाताही येथे येऊ लागली. पश्चिमेचा फाटा जोधपूरच्या रेल्वेला मिळाला होता. मकराण्याचा संगमरवर त्याच वाटेवरचा.

अशा गावाचे समाजजीवन मनमाड, दौंड किंवा कुर्डुवाडी पाहिलेल्यास वेगळे सांगावे लागत नाही. सांधेवाले, खलाशी, फायरमन, गँगमन. हुद्द्याप्रमाणे लहानमोठे होत जाणारे क्वार्टर. आणि घड्याळापेक्षा शिट्टीवर चालणारा दिवस. शेतीच्या गावात माणसाची ओळख कुळाने होते, येथे ती पाळीने होते. जातिभेद नाहीसा झाला असे मुळीच नाही. पण त्याच्यावर श्रेणीभेदाचा एक नवा थर चढला. ह्या माणसांनी स्वतःबद्दल लिहिलेले फारसे छापले गेले नाही. राजस्थानच्या इतिहासकारांनी रेल्वेला दरबारांच्या प्रगतीचा पुरावा मानले आणि ती चालवणाऱ्यांकडे पाहिले नाही. हा दोष केवळ साधनांच्या अभावाचा नाही, दृष्टीचाही आहे.

वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी, कोळसा आणि विश्रांती लागे. जंक्शनाची निम्मी प्रतिष्ठा त्या गरजेवर उभी होती. 1992 मध्ये एकाच मापाचे रूळ करण्याचे धोरण आले आणि त्या दशकात जयपूर–अजमेर मार्ग ब्रॉडगेज झाला. रेवाडीचा मार्ग पुढच्या दशकात. मीटरगेजचे डबे, सुटे भाग आणि ते दुरुस्त करणाऱ्यांचे कसब एकदमच निरुपयोगी ठरले. ज्या गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध एका विशिष्ट रुंदीने ठरला होता, त्याच्या दृष्टीने ही क्रांतीच होती, आणि तिची नोंदही पुन्हा अहवालांतच झाली.

सरोवराचेही दिवस पालटले. 1990 मध्ये त्याला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. नोव्हेंबर 2019 मध्ये तेथे हजारो स्थलांतरित पक्षी विषबाधेच्या रोगाने मेले. मीठ अद्याप निघते. 7 जानेवारी 2021 रोजी मालगाड्यांसाठी स्वतंत्र बांधलेल्या पश्चिम मार्गाचा रेवाडी–मदार हा 306 किलोमीटरचा टप्पा खुला झाला. त्यावरून दीड किलोमीटर लांबीच्या, एकावर एक कंटेनर रचलेल्या गाड्या धावू लागल्या. ह्या टप्प्यावरच्या तीन जंक्शनांपैकी एकाचे नाव न्यू फुलेरा आहे.