विरारची हद्द आणि डहाणूची लोकल

मुंबईच्या पश्चिम मार्गावरची लोकल १९२८ साली विजेवर धावू लागली. ती वीज १,५०० व्होल्टची, डीसी. १९३६ मध्ये तिची तार विरारपर्यंत आली आणि तिथेच थांबली. पुढे सत्तरच्या दशकात विरारच्या उत्तरेला वीज आली ती मात्र २५,००० व्होल्टची, एसी. डहाणूच्या वाट्याला नवी पद्धत आधी आली, लोकल मात्र आली नाही. विरारला उतरायचे, बोजा घेऊन पूल चढायचा आणि पुढची गाडी धरायची. डहाणूपलीकडच्या तलासरीचा माणूस तर त्याआधी डहाणू गाठण्यातच दमलेला असायचा.

मी सर्व्हर सांभाळतो. चालू यंत्रणेत नवी आवृत्ती कधी घालायची, हा आमच्या धंद्यातला रोजचा वाद. तो निघाला की मला विरार आठवते.

एसीचा फायदा उघड होता. तेवढीच शक्ती वाहायला विद्युतप्रवाह साधारण सतराव्या हिश्शाचा लागतो. तार हलकी चालते, उपकेंद्रे दूरदूर ठेवता येतात. पण लाखो माणसे वाहणारी लोकल थांबवून तारा बदलणार कशा? म्हणून आधी गाड्या बदलल्या. लांब पल्ल्यासाठी डब्ल्यूसीएएम-१ हे दोन्ही विजांवर चालणारे इंजिन बनले. विरारजवळ तारेचा एक तुकडा वीज नसलेला होता. त्याखालून गाडी आपल्या वेगावर सरकत असतानाच ड्रायव्हर पद्धत बदलायचा. लोकलच्या बाबतीतही तसेच झाले. आधी दोन्ही पद्धतींच्या गाड्या आल्या, मग टप्प्याटप्प्याने तार बदलली. ५ फेब्रुवारी २०१२ रोजी चर्चगेट-विरार पूर्ण एसीवर आले.

हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. नव्या-जुन्या दोन्हींवर चालेल असे काही हाताशी असल्याशिवाय रेल्वेने तारेला हात लावला नाही. पण सबुरीची किंमत कोणी मोजली, तेही सांगायला हवे. डहाणूला लोकल आली १६ एप्रिल २०१३ रोजी. विरारच्या दक्षिणेला सगळे सुरळीत चालले होते, म्हणून घाई नव्हती. उत्तरेच्या माणसाची मात्र जवळजवळ चाळीस वर्षे पूल चढण्यात गेली. आहे ते चालतेय ना, असे म्हणणारा बहुतेक वेळा आत बसलेला असतो.

म्हणूनच मला डेबियन या लिनक्स प्रणालीची रीत पटते. तिची ‘स्टेबल’ आवृत्ती दोनेक वर्षांनी निघते. मधल्या काळात प्रोग्रॅम सहसा तेच राहतात, सुरक्षेतली भगदाडे तेवढी जुन्या आवृत्तीतच बुजवतात. मात्र हा आधार कधी संपणार, ते आधीच ठाऊक असते. सेंटओएस ७ ही अशीच दुसरी लिनक्स प्रणाली. ते जुलै २०१४ मध्ये आले आणि ३० जून २०२४ ला त्याची दुरुस्ती बंद झाली. दहा वर्षे म्हणजे भरपूर मुदत. तरीही त्यावरचे सर्व्हर आजही सर्रास चालू दिसतात, आणि त्यांत लोकांचे पगार, औषधांच्या नोंदी, शाळेचे दाखले असतात.

तुमच्याकडे असा सर्व्हर असेल, तर चालू यंत्र तसेच राहू द्या, शेजारी नवे उभे करा, दोन्हींवर तेच काम चालवून ताडून पाहा आणि मग एका रात्री वाहतूक वळवा. पण तारीख आजच ठरवा.