शंकर लक्ष्मण

कॅप्टन शंकर लक्ष्मण (७ जुलै, १९३३ : महू, मध्य प्रदेश – २९ एप्रिल, २००६ : महू) हे भारतीय हॉकीपटू व लष्करी अधिकारी होते. १९५६, १९६० आणि १९६४ या सलग तीन ऑलिंपिक स्पर्धांत ते भारताचे गोलरक्षक होते आणि तिन्ही वेळा भारताने अंतिम सामना गाठला. दोन सुवर्ण व एक रौप्य अशी त्यांची ऑलिंपिक पदके आहेत. तिन्ही अंतिम सामन्यांची प्रतिस्पर्धी बाजू पाकिस्तानची होती आणि त्या तिन्हींत मिळून भारतावर केवळ एक गोल झाला. आंतरराष्ट्रीय हॉकीत राष्ट्रीय संघाचे कर्णधारपद भूषविणारे ते पहिले गोलरक्षक मानले जातात. मराठा लाइट इन्फंट्रीतून ते कॅप्टन या हुद्द्यावर निवृत्त झाले.

== बालपण व लष्करी सेवा ==

लक्ष्मण यांचा जन्म इंदूरजवळील महू या छावणीच्या गावी झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे जन्मस्थान म्हणून हे गाव महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. त्यांचे कुटुंब मूळचे राजस्थानातील शेखावत समाजाचे होते. लहानपणी त्यांचा ओढा हॉकीकडे नव्हे, तर फुटबॉलकडे होता. महूलगतच्या कोदरिया या गावाच्या फुटबॉल संघाचे ते कर्णधारही होते.

१९४७ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, ते वाद्यवृंदातील वादक म्हणून भारतीय सैन्यात दाखल झाले. हॉकीची काठी त्यांनी सैन्यात आल्यावरच हाती घेतली. १९५५ मध्ये ते सेनादलाच्या संघातून खेळू लागले आणि पुढच्याच वर्षी ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली.

ज्या मराठा लाइट इन्फंट्रीशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले, तिची उभारणी १७६८ साली झाली असून तिचे केंद्र बेळगाव येथे आहे. त्या काळी ऑलिंपिकमध्ये केवळ हौशी खेळाडूंनाच प्रवेश होता व हॉकीतून अर्थार्जन होत नसे. त्यामुळे सैन्य, रेल्वे, पोलीस यांसारख्या सेवांतील नोकरी हाच खेळाडूंचा आधार असे.

== तत्कालीन गोलरक्षण ==

हॉकीचा गोल १२ फूट रुंद व ७ फूट उंच असतो. १६ यार्डांच्या अर्धवर्तुळातून मारलेला, सुमारे १६० ग्रॅम वजनाचा टणक चेंडू अडविणे हे गोलरक्षकाचे काम. या अर्धवर्तुळात चेंडू पायाने मारण्याची मुभा संघातील फक्त गोलरक्षकाला असते. फुटबॉलच्या मैदानावर तयार झालेल्या लक्ष्मण यांच्या पायांना हे काम परके नव्हते.

लक्ष्मण यांच्या काळात सामने गवताच्या मैदानावर होत. उंचसखल जमिनीवर चेंडू कोणत्या क्षणी उसळेल याचा नेम नसे. आज गोलरक्षक शिरस्त्राण, छातीचे कवच व जाड हातमोजे घालून उभा राहतो. त्या काळी पायांचे पॅड, बूट आणि साधे हातमोजे हेच त्याचे संरक्षण होते. चेहरा उघडाच असे.

== ऑलिंपिक कारकीर्द ==

=== मेलबर्न, १९५६ ===
भारताने अफगाणिस्तान (१४-०), अमेरिका (१६-०) व सिंगापूर (६-०) यांचा सहज पराभव केला. उपांत्य फेरीत जर्मनीवरचा विजय मात्र १-० असा निसटता होता. ६ डिसेंबर रोजी झालेल्या अंतिम सामन्यात रणधीरसिंग जेंटल यांच्या गोलमुळे भारताने पाकिस्तानला १-० असे हरविले. संपूर्ण स्पर्धेत भारताने ३८ गोल केले व एकही गोल स्वीकारला नाही.

=== रोम, १९६० ===
१९२८ पासून भारताने ओळीने सहा सुवर्णपदके जिंकली होती. ९ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात पाकिस्तानच्या नसीर बुंदा यांनी पहिल्या सत्रात गोल केला. भारताला त्याची परतफेड करता आली नाही आणि ही मालिका खंडित झाली. लक्ष्मण खेळलेल्या तीन अंतिम सामन्यांत भारतावर झालेला एकमेव गोल तो हाच.

=== टोकियो, १९६४ ===
चरणजितसिंग यांच्या नेतृत्वाखालील संघाने उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाला ३-१ असे नमविले. २३ ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यात मोहिंदर लाल यांनी पेनल्टी स्ट्रोकवर गोल केला. बरोबरीसाठी पाकिस्तानने केलेले हल्ले लक्ष्मण यांनी परतवून लावले व भारताने १-० असा विजय मिळवून सुवर्णपदक परत आणले. हा त्यांच्या कारकिर्दीतील सर्वोत्तम सामना समजला जातो.

== आशियाई क्रीडा स्पर्धा व कर्णधारपद ==

आशियाई क्रीडा स्पर्धांत हॉकीचा समावेश प्रथम १९५८ मध्ये टोकियो येथे झाला. तेथे भारत-पाकिस्तान सामना ०-० असा बरोबरीत सुटला. परंतु गोलांच्या हिशेबात पाकिस्तान सरस ठरला व भारताला रौप्यपदक मिळाले. १९६२ मध्ये जकार्ता येथेही भारताच्या वाट्याला रौप्यच आले.

१९६६ च्या बँकॉक स्पर्धेसाठी संघाची धुरा लक्ष्मण यांच्याकडे आली. मैदानाच्या एका टोकाला उभा असणारा खेळाडू संघाचे नेतृत्व करू शकणार नाही, अशी तोवरची सर्वसाधारण धारणा होती. वस्तुतः संपूर्ण मैदान समोर दिसणारा गोलरक्षक हा एकटाच खेळाडू असतो. अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला १-० असे हरवून या स्पर्धांतील हॉकीचे पहिले सुवर्णपदक मिळविले. भारताला दुसरे सुवर्णपदक मिळण्यास त्यानंतर ३२ वर्षे लागली. तेही बँकॉकलाच, १९९८ मध्ये, पुण्याजवळच्या खडकीत वाढलेल्या धनराज पिल्ले यांच्या नेतृत्वाखाली मिळाले.

== निवृत्ती व अखेरची वर्षे ==

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी लक्ष्मण यांची निवड झाली नाही आणि त्यांनी स्पर्धात्मक हॉकीतून निवृत्ती पत्करली. त्या स्पर्धेत भारताला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. १९२८ नंतर भारत ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात नसण्याची ती पहिलीच वेळ होती. लष्करी सेवेतून ते १९७९ मध्ये निवृत्त झाले आणि महू येथेच स्थायिक झाले.

त्यांची अखेरची वर्षे आर्थिक ओढाताणीत गेली. चेंडू अडविण्यात ज्या पायांनी कारकीर्द घालविली, त्यांपैकी एका पायाला शेवटी गँगरीन झाले. २९ एप्रिल २००६ रोजी वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांचे महू येथे निधन झाले. निवृत्त खेळाडूंच्या निर्वाहाचा व वैद्यकीय उपचारांचा प्रश्न निघतो, तेव्हा त्यांचे उदाहरण दिले जाते.

== सन्मान ==

* अर्जुन पुरस्कार (१९६४)
* पद्मश्री (१९६७)

== वारसा ==

हॉकीच्या इतिहासात गोल करणाऱ्यांची नावे धावफलकावर उरतात. अडविलेल्या गोलांची नोंद तेथे होत नाही. १९५६ व १९६४ या दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने एकच गोल केला, आणि तो निर्णायक ठरला तो दुसऱ्या बाजूचा आकडा शून्य राहिल्यामुळे. पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पी. आर. श्रीजेश या गोलरक्षकाने भारताचे नेतृत्व केले, तसेच टोकियो (२०२०) व पॅरिस (२०२४) येथील कांस्यपदकांत मोलाचा वाटा उचलला. गोलरक्षकाच्या हाती संघ सोपविण्याचा पायंडा त्यापूर्वी पन्नास वर्षे लक्ष्मण यांनी घालून दिला होता.